अप्रमाणित ज्यू ग्रंथ व नवा करार
हीब्रू बायबलच्या प्रमाण संहितेत स्थान न मिळालेले प्राचीन ज्यू धर्मग्रंथ आणि त्यांचा ख्रिस्ती नव्या करारावरील प्रभाव. या ग्रंथांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : (१) जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात समाविष्ट असलेले मक्काबी, टोबित, शलमोनाचे ज्ञान इ. ग्रंथ (अपोक्रिफा) व (२) हनोख, मोशे यांसारख्या प्राचीन पुरुषांच्या नावावर इतरांनी रचलेले ग्रंथ (स्यूडेपिग्राफा). नव्या कराराचे लेखन झाले, तेव्हा ज्यू धर्मग्रंथांची सीमा पुरती निश्चित झालेली नव्हती. त्यामुळे ‘अप्रमाणित’ ही संज्ञा त्यांस उत्तरकाळातच लागू पडते.

प्रभावाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण यहूदाच्या पत्रात आढळते. त्यात हनोखाच्या ग्रंथातील वचन भविष्यवाणी म्हणून उद्‌धृत केले आहे. मोशेच्या देहासाठी मीखाएल व सैतान यांच्यात झालेल्या वादाचा त्यातील उल्लेखही जुन्या करारात नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राने यहूदाच्या पत्रातील बराच मजकूर घेतला. हनोखाचे वचन मात्र वगळले. इब्री लोकांस पत्रातील छळ सोसणाऱ्यांच्या वर्णनामागे मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील हुतात्म्यांची कथा दिसते, तर रोमकरांस पत्रातील मूर्तिपूजेवरील टीका शलमोनाचे ज्ञान या ग्रंथाशी जुळते.

या उद्धरणांमुळे प्रामाण्याचा पेच उद्‌भवला. यहूदाने आधार घेतला म्हणून हनोखाचा ग्रंथ मान्य करावा, असे टर्टलियनने प्रतिपादिले. उलट, त्याच कारणास्तव अनेकजण यहूदाचे पत्रच नाकारीत, अशी नोंद जेरोमने केली आहे. अखेर पत्र स्वीकारले गेले व हनोखाचा ग्रंथ बहुतेक चर्चनी बाजूस सारला. इथिओपियाच्या चर्चने मात्र तो प्रमाण मानला व गीझ भाषेत जतन केला. कुमरान येथे त्याचे ॲरेमाइक तुकडे सापडल्याने त्याची प्राचीनता सिद्ध झाली. तथापि ‘मनुष्याचा पुत्र’ या कल्पनेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरणारा त्याचा दृष्टांतविभाग तेथे मिळालेला नाही. त्यामुळे त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत.

अपोक्रिफातील बहुतेक ग्रंथ रोमन कॅथलिक पंथाने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत (१५४६) प्रमाण ठरविले; प्रॉटेस्टंट पंथीयांनी त्यांना प्रमाण संहितेबाहेर ठेवले. प्रचलित प्रॉटेस्टंट मराठी बायबलमध्येही ते नाहीत.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील बेने इझ्राएल समाजाच्या इतिहासाशी या ग्रंथांचा निराळा संबंध येतो. परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले. मंदिराच्या पुनःशुद्धीचा हनुक्का हा सण मक्काबींच्या ग्रंथांत वर्णिला आहे. तो या समाजात पूर्वी पाळला जात नसे. त्यावरून त्यांचे पूर्वज इ. स. पू. दुसऱ्या शतकातील त्या घटनेपूर्वीच निघाले असावेत, असे अनुमान काहींनी केले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी स्थलांतराचा काळ इ. स. पू. सु. १७५ हा मानला. तथापि केवळ सणाच्या अभावावरून काढलेला हा निष्कर्ष निर्णायक ठरत नाही. दीर्घकाळच्या एकाकीपणात सण विसरला जाणेही संभवनीय आहे.