पेशी गोल राहाव्यात म्हणून

सकाळी 6. "माझ्या गुडघ्यात तुमच्या त्या पेशी कधी घालतेस गं?" डबा भरता भरता आई विचारते. कधीच नाही. पेशीरोपण चालतं ते पडण्या-खेळण्यात कूर्चेला पडलेल्या खड्ड्यासाठी. वयाने सगळी गादी झिजली की नाही. हे तिला पाठ आहे, तरी विचारते.

6.40. शहाडला लोकल टिटवाळ्याहूनच भरून येते. ठाण्याला गाडी बदलायची, कांजूरमार्गला उतरून पवई.

8.45. प्रयोगशाळेत बकऱ्याच्या गुडघ्याची कूर्चा रात्रभर कोलॅजिनेज या विकरात ठेवलेली असते. ती विरघळून पेशी सुट्या झाल्या की लगेच गाळायच्या. उशीर झाला तर तेच विकर पेशींना मारतं. मग ट्रिपॅन ब्लू घालून मोजणी: निळ्या दिसतील त्या मेलेल्या.

10.30. आधीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली. खरी कटकट इथे आहे. कूर्चेत या पेशी गोल असतात, टाइप 2 कोलॅजन बनवतात. प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या की पसरून लांबट होतात आणि टाइप 1 बनवू लागतात, म्हणजे व्रणाच्या जातीचं. रोपणाला पेशी पुष्कळ लागतात. पुष्कळ करायला गेलं की त्या बिघडतात. 1982 मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी सशाच्या अशा बिघडलेल्या पेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या, तर त्या पुन्हा गोल झाल्या, टाइप 2 बनवू लागल्या. आमचं सगळं काम त्या धाग्यावर चाललंय.

दुपारी 2. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटमध्ये पेशी मिसळून सुईतून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे. साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. हात स्थिर हवा, म्हणून जेवणानंतर चहा टाळते.

4.30. जुन्या मण्यांचे काप सॅफ्रॅनिन-ओने रंगवले. लाल म्हणजे कूर्चेतलं प्रोटिओग्लायकन आहे. कडेला लाल, मधे फिकट. पोषण मध्यापर्यंत पोचत नसावं. मणी लहान करून बघायला हवेत.

नवा विद्यार्थी विचारतो, "हे पेशीरोपण माणसात झालंय का?" झालंय. 1994 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी 23 रुग्णांचे निकाल छापले. मांडीच्या हाडावरच्या खड्ड्यांत 16 पैकी 14 जणांना चांगला गुण आला. गुडघ्याच्या वाटीमागे मात्र बेताचाच. तो 14 वहीत उतरवतो, वाटी सोडून देतो. मी लिहायला लावते.

6.15. नवा गुडघा सोलायचा. पातं हाडाला लागू द्यायचं नाही, नाहीतर मज्जेतल्या पेशी मिसळतात. चकत्या कोलॅजिनेजमध्ये टाकून वेळ फळ्यावर लिहायची. सकाळी गाळायला वसतिगृहातल्या कुणाचंही नाव घालता येईल. फळ्यावर माझंच आहे.