प्रवाळभित्तीची पाण्याखालील मोजणी

लक्षद्वीप बेटांवर डोंगर नाही आणि नदीही नाही. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात विखुरलेल्या या बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून, त्यांपैकी १० बेटांवर मनुष्यवस्ती आहे. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटरच उंच आहे. असे असता पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात ही बेटे टिकून कशी राहतात? बेटांभोवतीची प्रवाळभित्ती लाटांचा जोर आपल्या अंगावर झेलते, हे त्याचे उत्तर होय.

जिवंत तटबंदी

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. वसाहत करून राहणारा तो एक इवलासा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन तो स्वतःभोवती कठीण कवच रचतो आणि अगणित पिढ्यांच्या अशा कवचांतून भित्ती उभी राहते. बेटांवरील वाळू मुख्यतः प्रवाळांच्याच चुऱ्याची असते. भित्तीच्या आतील शांत, उथळ पाण्यास खारकच्छ म्हणतात. तेथील लहान मासळी जिवंत पकडून, तिच्या आमिषाने बेटावरील मच्छीमार खोल समुद्रातील कुपा (टूना) गळाने धरतात. जमीन, संरक्षण आणि उपजीविका या तिन्ही गोष्टी अशा रीतीने प्रवाळांवर अवलंबून आहेत.

पाणबुड्यांचे कार्य

भित्तीचा विस्तार उपग्रहाच्या छायाचित्रांवरून समजतो. परंतु कोणते प्रवाळ जिवंत आहेत आणि कोणते मृत, हे बारकाईने ठरविण्यासाठी संशोधकाला पाण्यात उतरावे लागते. यासाठी स्कूबा हे साधन वापरतात. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच संशोधकांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या झडपेमुळे, पाणबुड्याला सभोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा श्वासासाठी मिळू लागली. पाठीवरील नळकांड्यात शुद्ध प्राणवायू असतो, हा समज बरोबर नाही. सामान्यतः त्यात आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. प्रत्येक १० मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि हवेतील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून वर येताना सावकाश यावे, श्वास रोखून धरू नये आणि एकट्याने उतरू नये, हे नियम कटाक्षाने पाळले जातात.

पाण्याखाली वेळ मोजका असल्याने कामाची पद्धत साधी ठेवलेली असते. तळावर मोजपट्टी अंथरतात आणि तिच्याखाली जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, शेवाळ की वाळू आहे, याची पाण्यात न भिजणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने नोंद करतात. मासेही मोजतात. त्याच जागी काही काळाने पुन्हा उतरून तीच मोजणी केली जाते, आणि भित्ती वाढते आहे की झिजते आहे हे त्यावरूनच कळते.

आकडे काय सांगतात?

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते त्याला अन्न आणि रंग पुरविते. समुद्र नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून सुमारे एक अंश सेल्सिअसने अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ हे शैवाल गमावून पांढरा पडतो. उष्मा लवकर ओसरला तर तो सावरतो, अन्यथा मरतो. लक्षद्वीपमध्ये अशा मोठ्या आपत्ती १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये आल्या. पहिल्या दोहोंत १२ वर्षांचे अंतर होते. पुढील अंतरे ६ आणि ८ वर्षांची ठरली. सावरण्याचा अवधीच आखडत चालला आहे. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांच्या भित्तींवर १९९८ मध्ये जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २० टक्क्यांच्या आत आले.

आपल्या किनाऱ्यावरही

महाराष्ट्रात मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रातही प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले असून, स्कूबासाठी पर्यटक मोठ्या संख्येने येतात. भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. समुद्राचे तापमान एखाद्या गावाच्या हाती नाही. परंतु प्रवाळांवर नांगर न टाकणे, त्यांवर पाय न देणे, आठवण म्हणून तुकडा न तोडणे आणि सांडपाणी समुद्रात न सोडणे, या गोष्टी ग्रामपंचायती, शाळा आणि नौकाचालक यांना नक्कीच साधता येतील. आधीच तापाने खंगलेल्या भित्तीला सावरण्यासाठी एवढी उसंत मिळणे अगत्याचे आहे.