बाळशाचा हिशेब

‘मुली लवकर वयात येऊ लागल्या’ या मथळ्याने घरोघरी जी धास्ती उत्पन्न केली आहे, तिच्यात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झाली आहे. पनवेलच्या आमच्या आळीतील सात वर्षांच्या एका मुलीच्या घामाला मोठ्या माणसासारखा दर्प येऊ लागला, जांघेत तुरळक केस दिसले, तेव्हा आता पाळीच येणार या भयाने तिची आई रात्रभर जागली. वास्तविक स्तनवाढ नसताना दिसणारी ही लक्षणे बहुधा बीजकोशांची नव्हेत, तर मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींची असतात. त्या सहाव्या ते आठव्या वर्षाच्या सुमारास सर्वच मुलांत जाग्या होतात. मुलीत आठच्या आत लक्षणे दिसली, तर ती अकाली समजतात.

बार्सिलोनाच्या डॉ. लुर्देस इबान्येस यांनी १९९८ मध्ये अशा मुलींचे जन्मवजन कमी असल्याचे दाखविले. २००४ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल परिसराच्या अभ्यासात, कमी वजनाने जन्मून पहिल्या तीन वर्षांत झपाट्याने भरलेल्या मुलांत आठव्या वर्षी या ग्रंथींची संप्रेरके सर्वाधिक आढळली. फिनलंडच्या संशोधकांना जन्मवजनाचा दुवा लागला नाही, पहिल्या दोन वर्षांतील जलद वाढीचा मात्र लागला. म्हणून माझे मत जन्माच्या आकड्यापेक्षा त्यानंतरच्या वेगाकडे झुकते.

आणि हा वेग म्हणजेच आपले बाळसे! पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासाचा रोख मधुमेहाकडे होता. परंतु तेथील नवजात अर्भक सरासरी २.७ किलोचे, साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे, आणि तरीही आपल्या कृश बाळाच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली, ही त्यांची नोंद मला येथेही मोलाची वाटते. अशा बाळाचे वजन वाढूच नये असे नव्हे, ते वाढायलाच हवे. पण ‘अंगी लागत नाही’ म्हणून बाटलीत साखर आणि वाटीत बिस्किटे कालवण्याची घाई ज्या प्रेमापोटी होते, त्या प्रेमाला वजनकाट्याची जोड हवी.

त्या मुलीच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले कार्ड डॉक्टरांपुढे ठेवले: जन्मवेळी २ किलो १०० ग्रॅम, पहिल्या वाढदिवसाला साडेदहा किलो. डाव्या मनगटाचा एक्स-रे व रक्ततपासणी होऊन ग्रंथीचा जन्मजात दोष व गाठ यांची शंका मिटली. औषध दिले नाही. उंची-वजनाच्या फेरतपासणीस सहा महिन्यांनी यावे, येताना तेच कार्ड आणावे, एवढे सांगितले.