एकाच दिवशी तीन सिनेमे. खुलताबादहून जाऊन आधी कोणता पाहाल?

१ मे २०२५ रोजी 'आता थांबायचं नाय!', 'गुलकंद' आणि हिंदी 'रेड २' एकदमच प्रदर्शित झाले. खुलताबादकरांसाठी मल्टिप्लेक्स म्हणजे सुमारे २५ किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर. तिकिटात जाण्या-येण्याचा खर्चही आलाच. मग निवड कशी करायची?

आता थांबायचं नाय!: पहिली पसंती. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत शिकून दहावी होतात, त्याची ही सत्य घटनेवर बेतलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव हसवता हसवता डोळे ओले करतात. मुलांना सोबत न्या.

गुलकंद: सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक. चाळिशीतल्या संसाराचा विनोद. भरलेल्या थिएटरातच खरी मजा.

रेड २: अजय देवगणपेक्षा खलनायक रितेश देशमुख लक्षात राहतो. पण गोष्ट ओळखीची आहे, थोडं थांबलात तरी चालेल.

घाई मराठीचीच का? पहिल्या आठवड्याची गर्दी पाहून पुढचे शो ठरतात. प्रेक्षक थांबला, तर सोयीची वेळ आधी मराठी सिनेमाची जाते. रात्री उशिराचा शो उरला, तर परतीचं काय? म्हणून निघण्याआधी ॲपवर वेळ पाहा आणि दुपारचा शो गाठा.