रोवणीच्या दिवसांतला अभ्यासवर्ग आणि गटप्रमुखाचे शिकणे



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात नेमकी त्याच दिवसांत धानाची रोवणी असते. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी केलेल्या मायबहिणी रात्री आठ-साडेआठला विहारात येतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. हे आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने चालते. इतका नियमित अभ्यासवर्ग आपल्या चळवळीत दुसरा कुठला नाही. तरीही वाचणारा वाचतो, दहा मिनिटे समजावतो, "कोणाला काही प्रश्न?" असे विचारून लगेच ग्रंथ मिटतो, सरणत्तय होते आणि सगळे घरी जातात. तरुण मुले तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दिसेनाशी होतात. दोष मुलांचा, मोबाईलचा, असे आपण म्हणतो. आम्हाला वाटते, थोडा दोष वाचणाऱ्याच्या तयारीचाही आहे.

म्हणूनच गटप्रमुख, बौद्धाचार्य, शिबिरात वर्ग घेणारे कार्यकर्ते यांच्यासाठी सकारात्मक भावना, शिकणे आणि संवाद या विषयांवरच्या कार्यशाळांकडे गंभीरपणे पाहावे, असे आम्ही म्हणतो. नाव ऐकून अनेक जुने कार्यकर्ते हसतात. "आता आम्हाला खूश राहायला शिकवणार का?" असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात तर फारच रास्त आहे.

29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हाही वर्षावास चालू होता. आज विहारात येणाऱ्यांपैकी अनेक मुले त्या वेळी पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती. तरी गटात ते नाव निघाले की आवाज बदलतात. अशा वेळी "शांत राहा, मैत्री ठेवा" एवढेच सांगणारा गटप्रमुख तो विषय बंद करतो आणि त्या मुलांनाही बाहेर काढतो. सकारात्मक भावना म्हणजे राग गिळणे, असा अर्थ कोणी शिकवत असेल तर ती कार्यशाळा आपल्या कामाची नाही.

धम्मात याचे उत्तर आहे आणि ते बरेच नेमके आहे. बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या 'विसुद्धिमग्गा'त मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांपैकी प्रत्येकाचा एक दूरचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. दूरचा शत्रू लगेच ओळखू येतो. मैत्रीचा दूरचा शत्रू म्हणजे व्यापाद, दुसऱ्याचे वाईट व्हावे ही इच्छा. जवळचा शत्रू मात्र त्या गुणासारखाच दिसतो, म्हणून जास्त फसवतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. अन्यायाची गोष्ट निघाल्यावर "जाऊ द्या ना" म्हणणारा माणूस बाहेरून स्थिर वाटतो, पण ती समता नसते. गटप्रमुखाला हा फरक स्वतःच्या मनात ओळखता आला पाहिजे. अन्यायाची चीड असणे वेगळे आणि कोणाचे तरी वाटोळे व्हावे म्हणून रात्रंदिवस जळत राहणे वेगळे. पहिली चीड माणसाला संघटनेकडे नेते. दुसरी त्यालाच खाते.

इथे शब्दाचीही एक गडबड होते. पालीत 'राग' म्हणजे आसक्ती. मराठीत राग म्हणजे संताप. 'राग, द्वेष, मोह' असे वाचून पुढे गेलो आणि हे सांगितले नाही, तर अर्धा गट चुकीचा अर्थ घरी घेऊन जातो.

मैत्री भावनेचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. आधी स्वतः, मग जवळचा मित्र, मग ज्याच्याबद्दल विशेष काही वाटत नाही असा माणूस, त्यानंतर ज्याच्याशी पटत नाही तो, आणि शेवटी सर्व प्राणी. वैऱ्यापासून सुरुवात करू नका, असे बुद्धघोष स्पष्ट सांगतात. आपण गटात नेमके उलटे करतो. पहिल्याच दिवशी मुलांना वैऱ्यावर प्रेम करायला सांगतो आणि ती येत नाहीत म्हणून तक्रार करतो. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात करुणेच्या पुढे मैत्रीला स्थान दिले: करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व जिवांसाठी. पण तिथपर्यंत जायला पायऱ्या लागतात.

मानसशास्त्रात बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी 1998 पासून मांडलेला विचार असा की, आनंद, कुतूहल, कृतज्ञता अशा भावनांमध्ये माणसाची नजर रुंदावते, त्याला जास्त पर्याय दिसतात आणि हळूहळू मैत्री, धीर अशी शिदोरी जमते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नोकरदार लोकांनी काही आठवडे मैत्री भावना केली आणि अशा भावना त्यांच्यात हळूहळू वाढत गेल्या. हे उपयोगी आहे. मात्र "एका नकारात्मक भावनेला तीन सकारात्मक" असे गणित कोणी फळ्यावर लिहिले तर हात वर करा. त्यामागचे गणिती मॉडेल 2013 मध्ये चुकीचे ठरून मागे घेतले गेले. तपासल्याशिवाय मानू नका, हे कालाम सुत्त वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको.

शिकण्याबद्दल धम्म तीन प्रकारची प्रज्ञा सांगतो: ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि भावनेतून, म्हणजे प्रत्यक्ष साधनेतून आलेली. आपले विहार पहिलीवर थांबतात. दुसरीसाठी माणसाला बोलायला जागा आणि वेळ लागतो. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आपला "कोणाला काही प्रश्न?" किती सेकंदांचा असतो, ते एकदा घड्याळ लावून पाहावे.

बोलायचे कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे घरी झाडीबोली. विहारात 'पानी' म्हणणाऱ्या बाईला 'पाणी' म्हणायला लावले की ती त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही. ग्रंथ प्रमाण मराठीत वाचा, चर्चा झाडीत होऊ द्या.

कार्यशाळेतला संवादाचा साधा सराव असा असतो. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने पाच मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने मध्ये एक शब्दही न बोलता ऐकायचे. मग ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे आणि "बरोबर ना?" असे विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. भाषणाची सवय असलेल्या कार्यकर्त्यांना पाच मिनिटे गप्प बसणे फार जड जाते, आम्हालाही गेले. अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीच्या पाच अटी आहेत: योग्य वेळी, खरे, मृदू, हिताचे आणि मैत्रीच्या चित्ताने. त्याच निकायात प्रश्नांचे चार प्रकार आहेत. काहींना सरळ उत्तर द्यायचे, काहींची फोड करून सांगायची, काहींना उलट प्रश्न विचारायचा आणि काही बाजूला ठेवायचे. "आरक्षण मिळालेले लोक गावाकडे का पाहत नाहीत?" असा प्रश्न आला तर तो फोड करून सांगायचा आहे. गटप्रमुख त्याला हो किंवा नाही म्हणाला की भांडण सुरू होते.

'जातीचे निर्मूलन' या 1936 च्या लेखनात बाबासाहेबांनी लोकशाहीला निव्वळ शासनपद्धती न मानता एकत्र जगण्याची आणि एकमेकांचे अनुभव वाटून घेण्याची रीत म्हटले. हा विचार त्यांना कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांच्याकडून मिळाला होता. ज्या गटात एकच माणूस बोलतो, तिथे कोणाचा अनुभव कोणाला कळणार?

येत्या वर्षावासात आम्ही एवढे सुचवतो. ओळी मोडून गोल बसा. वाचन वीस मिनिटांचे ठेवा, त्यानंतर जोडीने बोलणे, मग सगळ्यांची चर्चा. रोवणी करून आलेल्या बाईला पाठ टेकायला भिंतीजवळची जागा द्या. आणि पहिला प्रश्न तिला विचारा.