मुळा-मुठेच्या काठचे रानसोबती

पुण्यात मुळा आणि मुठा संगमावर भेटतात आणि पुढे भीमेला मिळतात. त्यांच्या काठावर आणि पाण्यात आपोआप वाढणाऱ्या या वनस्पती ओळखा :

■ वाळुंज : पाण्याजवळ वाढणारे झाड. मुळांच्या जाळ्याने काठाची माती धरून ठेवते.

■ पाणकणीस : उथळ पाण्यातली उंच, गवतासारखी वनस्पती, तपकिरी कणसांची. पाण्यातले नत्र-स्फुरद शोषते, पाणपक्ष्यांना आडोसा देते.

■ लव्हाळा : पुरात आडवा होतो, पाणी ओसरले की पुन्हा उभा राहतो.

■ जलपर्णी : मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यावर फोफावते, तिच्या दाट थराखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो.

पहिल्या तिघांना हवा फक्त मातीचा काठ. तो सिमेंटखाली गाडू नका.