परिचारिकेची नोंदणी आणि राज्याची सीमा

नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींचे पालक आणि नव्याने बदली होऊन आलेल्या धर्मभगिनी आम्हाला वारंवार एकच प्रश्न विचारतात: एका राज्यात नोंदणी झालेली परिचारिका दुसऱ्या राज्यात काम करू शकते काय? चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ कागदोपत्री नाही. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडे तेलंगणातील काळेश्वर दिसते. सिरोंच्यात तेलुगू घरोघरी बोलली जाते, सोयरिकी नदीपार होतात, आणि जिल्ह्याचे मुख्यालय दोनशे किलोमीटरहून दूर असल्याने रुग्णही पलीकडचा दवाखाना जवळचा मानतात. कोरची, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांना छत्तीसगडची हद्द भिडलेली आहे. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होते. चांदा धर्मप्रांतातूनही १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला; तोपर्यंत दोन राज्यांतील मिशन दवाखाने एकाच धर्मप्रांताच्या छत्राखाली होते. धर्मप्रांत एक असला तरी परिचारिकांच्या नोंदवह्या मात्र दोन होत्या.

याचे कारण इतिहासात आहे. परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे आपल्याकडे प्रांतांनी केले. मद्रास प्रांताचा कायदा १९२६ चा, मुंबई इलाख्याचा १९३५ चा. चांदा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात होता. पुढे १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा केंद्रीय कायदा आला, परंतु त्याने राज्यांच्या नोंदवह्या रद्द केल्या नाहीत. त्याने इतकेच ठरविले की मान्यताप्राप्त पात्रता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल करण्यास पुरेशी मानली जावी. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका अधिनियम झाला व मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद त्यानुसार काम पाहू लागली.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा लागतो, कारण बहुतेक घोटाळा येथेच होतो. पात्रता देशभर चालते. नोंदणी चालत नाही. केरळात बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या भगिनीला गडचिरोलीत येऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. पण केरळच्या परिषदेचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून तिने येथे रुग्णसेवा सुरू केली, तर महाराष्ट्राच्या दृष्टीने ती नोंदणी नसलेली परिचारिकाच ठरते. डॉक्टरांच्या बाबतीत १९५६ च्या वैद्यकीय परिषद कायद्याने अखिल भारतीय नोंदवहीतील नावाला देशात कोठेही व्यवसायाचा हक्क दिला होता. परिचारिकांना तशी सवलत मिळाली नाही. ज्यांच्या बदल्या अधिक होतात त्यांनाच अधिक हेलपाटे पडावेत, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

मग करावयाचे काय? जुन्या राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावयाचे आणि नव्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणीसाठी अर्ज करावयाचा. जुनी परिषद मूळ नोंदणीची खातरजमा करून देते. यास काही आठवडे लागू शकतात, कधी महिने. म्हणून बदलीचा आदेश हाती पडताच अर्ज करावा, येथे पोहोचल्यावर नव्हे. दवाखान्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ याखाली तपासणी होते तेव्हा परिचारिकांच्या नोंदणीचे कागद मागितले जातात. खाटा असलेल्या लहान मिशन दवाखान्यात दोनच परिचारिका असतील आणि त्यांपैकी एकीची नोंदणी परराज्यातली असेल, तर अडचण तिची एकटीची राहत नाही; आसपासच्या खेड्यांतील बाळंतिणींचीही होते.

अलीकडे परिचारिकांना देशव्यापी नोंदणी व मागोवा प्रणालीतून एक राष्ट्रीय ओळख क्रमांक दिला जातो. तो आधारशी जोडलेला असतो. हा क्रमांक मिळाला म्हणजे सर्व राज्यांत कामाची मुभा मिळाली असा समज आढळतो. तो खरा नाही. क्रमांकामुळे ओळख पटवणे सोपे झाले, परवानगी मात्र राज्याचीच लागते. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. त्यात १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची, राष्ट्रीय नोंदवहीची आणि राज्यांच्या आयोगांची तरतूद आहे. परंतु कायदा संमत होणे वेगळे आणि प्रत्येक राज्यातील खिडकीवर त्याचा अनुभव येणे वेगळे. अर्जापूर्वी त्या राज्याच्या नोंदणी कार्यालयाकडे चालू नियम विचारून घेणे हेच शहाणपणाचे.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलींकडून तेथील बहुराज्यीय परवान्याविषयी ऐकू येते. तेथे काही राज्यांनी २००० च्या सुमारास आपसांत करार केला, २०१८ पासून त्याचे सुधारित रूप लागू झाले, आणि आज चाळीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. परिचारिकेचे वास्तव्य करारातील राज्यात असेल तर एकाच परवान्यावर ती त्या सर्व राज्यांत काम करू शकते. मात्र रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील कायदा तिला पाळावाच लागतो. कॅलिफोर्नियासारखे मोठे राज्य अद्याप त्यात सामील झालेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता एक किरकोळ वाटणारी, पण सर्वाधिक अर्ज अडकवणारी बाब. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे, आणि व्रतग्रहणानंतर तिसरे. विवाहित परिचारिकांचे आडनाव बदललेले. संगणकाला हे सारे एकाच व्यक्तीचे आहे हे कळत नाही. ज्या नावाने परीक्षा दिली तेच नाव आधारवर व नोंदणीत ठेवावे, अन्यथा राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून त्याची प्रत जोडावी. धर्मगुरूंनी दिलेला दाखला ख्रिस्तसभेत पुरेसा असला तरी परिषदेच्या कार्यालयात तो चालत नाही. त्याचप्रमाणे ए.एन.एम. आणि जी.एन.एम. यांच्या नोंदी वेगळ्या असतात. अर्ज भरताना आपला प्रकार अचूक नोंदवावा, आणि जुन्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत संपलेली असेल तर ते आधी करून मगच ना-हरकत प्रमाणपत्र मागावे.